सगळे म्हणतात देवाचे आभार मान, पण आतून येतच नाही, मग काय करायचं?

तुझा प्रश्न नीट वाचला. आधी मला काय समजलं ते लिहिते. वय चौतीस, कंपनीने माणसं कमी केली त्यात तुझी नोकरी गेली, पप्पांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, घराचा हप्ता बायकोच्या शाळेतल्या पगारावर कसाबसा निघतोय, आणि रोज संध्याकाळी आठला मम्मी सगळ्यांना रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसवते. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातोस पण काहीच वाटत नाही. नातेवाईक म्हणतात देवाचे आभार मान, यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं. तू विचारतोयस की आभार नक्की कशाचे मानू, मनात नसताना तोंडाने म्हणणं हे ढोंग नाही का, आणि माझी श्रद्धा संपली का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे की एक एजंट कॅनडाला पाठवतो म्हणतोय, कर्ज काढून जाऊ का. त्या ओळीवर पण येते.

मी धर्मगुरू नाही, चर्चची सिस्टर म्हणजे ननही नाही, संसारी बाई आहे. आधी नर्स होते, डायलिसिसच्या युनिटमध्ये काम केलंय, मग संत इग्नेशियसच्या पद्धतीने प्रार्थनेत सोबत कशी करायची त्याचं प्रशिक्षण घेतलं आणि आता बरीच वर्षं वसई-मुंबईकडच्या लोकांबरोबर बसते, म्हणजे ते बोलतात, मी ऐकते आणि मधेच एखादा प्रश्न विचारते. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणतेय, राग मानू नकोस.

तुझी श्रद्धा संपलीये असं मला वाटत नाही. जो संपला तो असा चिडून प्रश्न विचारत नाही, तो रविवारी आरामात झोपतो. मला वाटतं तुझ्या डोक्यात कुठेतरी असं बसलंय की आभार मानायचे असतील तर आधी तक्रार गिळायला लागते, आणि ती गिळली जात नाहीये म्हणून पुढचं सगळंच अडलंय. हे लहानपणापासून आपल्यावर बिंबवलेलं असतं, रडू नको, देवाला आवडत नाही वगैरे. पण बायबलमध्ये बघ ना. पौल करिंथकरांना लिहितो की ज्या रात्री प्रभूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. आता आभार कशाचे? यहूदा हा शिष्य दगा देतोय त्याचे नव्हेत, उद्या खिळे ठोकणार आहेत त्याचेही नव्हेत. हातात भाकर होती, समोर आपली माणसं जेवायला बसली होती, त्याचे. आणि तोच माणूस त्याच रात्री बागेत जाऊन बापाला म्हणतो हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. दोन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच तोंडातून. दर मिस्साला आपण तीच रात्र आठवतो, म्हणून मी लोकांना सांगते की आभार आणि गाऱ्हाणं एकाच प्रार्थनेत बसतं, एकाला दाबून दुसरं येत नसतं.

नातेवाइकांचं म्हणशील तर बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव. ते आले आणि सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तिथपर्यंत सगळं छान होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू घेऊन त्याला शिकवायला लागले, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला, म्हणाला माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. म्हणजे जो अख्खं पुस्तकभर भांडला तो. तेव्हा "यापेक्षा वाईट झालं असतं" म्हणणाऱ्या मावशीला उलट बोलू नकोस, चहा दे आणि सोडून दे, तिलाही दुसरं काय बोलावं ते सुचत नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पण त्याआधी एक गोष्ट बघायला लागेल आणि ती तुझ्या परिस्थितीवर आहे, मी इथून सांगू शकत नाही. झोप लागतेय का, जेवण जातंय का, सकाळी उठून अंघोळ करायचंसुद्धा जड जातंय का, मुलांशी, मित्रांशी, क्रिकेटच्या मॅचशी, कशाशीच काही देणंघेणं वाटत नाहीये का, आणि मी नसतो तर बरं असं मनात येतंय का. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला फक्त प्रार्थनेचा कोरडेपणा म्हणू नकोस, तो डिप्रेशनचा आजार असू शकतो, आणि त्याला डॉक्टर लागतो जसा पप्पांच्या किडनीला लागतो. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः लोकांना आधी तिकडे पाठवते आणि मग म्हणते या, आता प्रार्थनेचं बघू. काहींना दोन्ही बरोबरच चालू ठेवायला लागतं. यात देवावरचा विश्वास कमी पडला असं काहीही नाही.

ते नसेल, नुसतंच प्रार्थनेत कोरडं, उदास, देव लांब गेल्यासारखं वाटत असेल तर त्याची ओळख संत इग्नेशियसने फार बारकाईने करून ठेवलीये. हा मुळातला सैनिक, १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडला, घरी बिछान्यात पडून राहायला लागलं, आणि पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की काही विचार करताना गोड लागतात पण नंतर मन कोरडं पडतं, आणि काहींनी नंतरही बरं वाटत राहतं. त्या निरीक्षणातून पुढे त्याने नियम लिहिले. त्यातला पाचवा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, की मन असं अंधारलेलं असताना नवे निर्णय घ्यायचे नाहीत, आधी शांत मनाने जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहायचं. बदल करायचाच तर स्वतःत करायचा, प्रार्थना थोडी वाढवायची, मनाची तपासणी थोडी जास्त करायची.

म्हणून कॅनडा. जाऊच नकोस असं मी म्हणत नाहीये, आपल्याकडची कितीतरी मुलं गेलीत आणि नीट आहेत. पण तुझ्या त्या ओळीत मला कॅनडा दिसला नाही, इथून सुटायचंय एवढंच दिसलं. इथून पळायला म्हणून घेतलेला निर्णय आणि तिकडे काही करायचंय म्हणून घेतलेला निर्णय कागदावर सारखेच दिसतात, पण आतून वेगळे असतात. जरा थांब. दोन-चार वेळा मन शांत असेल तेव्हा तोच विचार परत करून बघ, तेव्हाही तो टिकला तर बायकोबरोबर बसून आकडेमोड करा. तोपर्यंत एजंटला एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही, आणि रजिस्टर्ड नसेल, पावती देत नसेल तर नंतरही नाही.

आता आभाराचं. इग्नेशियसची रोजच्या तपासणीची जी पद्धत आहे त्यात पाच पायऱ्या आहेत आणि पहिलीच आहे आभार, पापांची आठवण त्यानंतर. क्रम मुद्दाम तसा आहे. पण मी तुझ्यासारख्या माणसाला ती जशीच्या तशी देत नाही, कारण तू आधीच आभार या शब्दावर चिडलेला आहेस. मी आधी तेरावं स्तोत्र वाचायला देते. जेमतेम सहा ओव्या आहेत, आणि पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा देवाला विचारलंय, कुठवर? कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. हे चर्चने मान्य केलेलं, पवित्र शास्त्रातलं भांडण आहे, मोठ्याने वाच, दार लावून घे हवं तर. आणि शेवट गोड नको असेल तर अठ्ठ्याऐंशीवं वाच, ते तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड येतच नाही. आणि गंमत म्हणजे चर्चने तेच स्तोत्र शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलंय, म्हणजे जगभर फादर-सिस्टर लोक ते म्हणून झोपायला जातात. तुझी अवस्था चर्चला माहीत आहे रे, तिने त्यासाठी शब्द काढून ठेवलेत.

हे झाल्यावर मग आभार, पण मोठमोठ्या गोष्टींचे नाहीत. "आयुष्याबद्दल आभार, कुटुंबाबद्दल आभार" असलं काही म्हणायचं नाही, ते खरं असलं तरी तुला आत्ता खोटं वाटणार आणि मग तू परत स्वतःला ढोंगी म्हणणार. आजच्या दिवसातली, डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट घ्यायची. उत्तनच्या एक कोळीण मावशी माझ्याकडे यायच्या, नवरा गेलेला, बोटीवरचं कर्ज डोक्यावर, जून-जुलैमध्ये मासेमारी बंद म्हणजे हातात काहीच नाही. त्यांना मी एक वही दिली, रोज एकच ओळ लिहा म्हटलं. पहिल्या ओळी अशा होत्या, आज गॅस पुरला. आज कोणी पैसे मागायला आलं नाही. सुनेने न सांगता भांडी घासली. मधे एक ओळ होती, आज काही नाही. मी ती खोडायला सांगितली नाही, तीही प्रार्थनाच आहे. मग हळूहळू त्या ओळींमध्ये माणसं यायला लागली, हिने विचारलं, त्याने बर्फ उधार दिला. कर्ज तिथल्या तिथे होतं, पण मावशींना कळायला लागलं की आपण एकट्या नाही आहोत. मला विचारशील तर आभाराचं एवढंच काम आहे, जे आहे ते नजरेस पडतं. जे नाही ते भरून येत नाही.

तुझ्याकडे तर जागा तयारच आहे. पप्पांना घेऊन जातोस तेव्हा तिथे चारेक तास बसावंच लागतं. मोबाइल बघत बसतोस ना? त्यातली दहा मिनिटं काढ. मशीन चालू करणाऱ्या सिस्टरचा हात बघ, फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या शिरेत सुई एका झटक्यात गेली की पप्पांचा चेहरा कसा सैल पडतो ते बघ. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कोणी सोडायला आलंय का बघ. वजनाचा काटा, प्यायलेल्या पाण्याचा हिशोब, नंतर पप्पांना येणारा थकवा, हे सगळं देवापुढे जसंच्या तसं ठेव, आणि त्यात एखादी गोष्ट बरी झाली असेल तर फक्त तिचे आभार मान. आजाराचे नाही. आजाराबद्दल आभार मान असं चर्च कोणालाच सांगत नाही, कोणी सांगत असेल तर तो स्वतःचं सांगतोय.

इथे मला आगेरा हा सुगीचा सण आठवतो. मुंबईच्या आपल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. आता बऱ्याच ठिकाणी शेती उरली नाही, लोंब्या बाहेरून आणायला लागतात, तरी सण होतो. पण जुन्या शेतकऱ्याच्या बाजूने विचार कर, त्या रविवारी त्याच्या हातात मूठभरच लोंब्या असायच्या, बाकीचं पीक अजून शेतातच उभं, परतीचा पाऊस कधी झोडपेल सांगता यायचं नाही, सावकाराचं देणं तसंच. कोठार भरल्यावर आभार मानायला तो थांबला नाही. हातात आलेल्या मुठीचे आभार मानले आणि बाकीचं राहिलं आशेवर. आपल्या बापजाद्यांना थिऑलॉजी वगैरे येत नव्हती, पण आभार आणि आशा यांचा संबंध त्यांना बरोबर कळला होता असं मला वाटतं.

आशेबद्दल लोक गल्लत करतात म्हणून थोडं लिहिते. नोकरी लागेल, रिपोर्ट नॉर्मल येईल, ही इच्छा आहे, ती असावीच, तिच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची मागणीची प्रार्थना पण कर, मी पण करते. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला लोक मागणीची पत्रं टाकतात, आभाराचीही टाकतात, मला त्यातला साधेपणा आवडतो. पण ख्रिस्ती आशा त्या एका निकालावर टांगलेली नसते. संत थॉमस अक्वायनस म्हणतो की आशा ही अशा गोष्टीची असते जी चांगली आहे, अजून मिळालेली नाही, मिळायला अवघड आहे पण अशक्य नाही. म्हणजे अवघड असणं हे आशेच्या व्याख्येतच आहे, सोपं असतं तर आशा लागलीच नसती. आणि चर्चच्या शिकवणीत आशेविरुद्ध दोन पापं सांगितलीत, एक निराशा आणि दुसरं देवाला गृहीत धरणं. पहिल्याबद्दल तुला सगळे झापतात, दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. "महिन्याभरात नोकरी लागणारच, देवाने मला स्वप्नात सांगितलं" म्हणणारे काका, आणि ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा म्हणजे चमत्कार होईल असले व्हॉट्सॲप फॉरवर्ड, हे त्या दुसऱ्या खात्यातलं आहे. डिलीट कर, काही होत नाही.

मग मनात काही नसताना तोंडाने म्हणणं ढोंग आहे का? व्हिएतनामचे बिशप, नंतर कार्डिनल झाले, वान थुआन, यांना कम्युनिस्ट सरकारने १९७५ मध्ये पकडलं आणि तेरा वर्षं डांबून ठेवलं, त्यातली नऊ वर्षं एकांतात. पोटाच्या औषधाच्या नावाखाली बाहेरून थोडी वाइन मागवायची, तळहातावर तीन थेंब वाइन आणि एक थेंब पाणी घ्यायचं आणि मिस्सा करायचा, असा त्यांचा मिस्सा. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पोप बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरच्या विश्वपत्रात त्यांच्याबद्दल दुसरी एक गोष्ट लिहिलीये जी मला जास्त महत्त्वाची वाटते, की आयुष्यात कितीतरी काळ त्यांना प्रार्थना करताच येत नव्हती. मग ते पाठ असलेल्या प्रार्थनांना धरून राहिले, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, मिस्सातले शब्द. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःचे शब्द सुचले नाहीत तर तुला-मला काय सुचणार. ढोंग म्हणजे लोकांना दाखवायला म्हणणं. तू तर कोणाला दाखवत नाहीयेस, उलट लपवतोयस. उसने शब्द घेऊन टिकून राहणं ही चर्चमधली फार जुनी रीत आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात आणि छप्पर उघडून खाली सोडतात, तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास बघितला. आणणाऱ्यांचा. खाटेवरच्याला काय वाटत होतं ते कोणी विचारलंही नाही. तुझ्या घरात आत्ता ती खाट मम्मी उचलतेय असं समज आणि आठच्या रोझरीला बस. सगळी भक्तिभावाने म्हणायची सक्ती स्वतःवर करू नकोस, मम्मीला सांग की एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग मी चालवतो, बाकीचं मी नुसतं ऐकेन. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग असतात, त्यातलं पहिलं बागेतल्या प्रार्थनेचं, ते माग. तुझ्यासाठी तेच बरोबर आहे.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुला कोणीतरी नक्की ऐकवली असणार, येशूने बरं केल्यावर आभार मानायला एकच परत आला वगैरे. ऐकवणारे एक विसरतात, बरे दहाच्या दहा झाले होते. आभार न मानणाऱ्या नऊ जणांचा रोग परत आला असं काही ल्यूकने लिहिलेलं नाही. देव पावती बघून देत नाही, तेव्हा मी आभार मानले नाहीत म्हणून पप्पांचं वाढतंय की काय, हे जे तू लिहिलंयस, ते डोक्यातून काढून टाक.

एवढं सगळं एका दमात होणार नाही, म्हणून या आठवड्यापुरतं सांगते. तेरावं स्तोत्र रोज एकदा, डायलिसिसच्या दिवशी तिथे बसून दहा मिनिटं आणि वहीत एक ओळ, रोझरीचं एक दशक, आणि कुठलाही मोठा निर्णय नाही. बस.

आणि मदत माग, हेही प्रार्थनेइतकंच महत्त्वाचं आहे, आपल्या लोकांना त्याची फार लाज वाटते. पप्पांचं डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, तुमचं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचार, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ने. आपल्या बहुतेक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या विभागात सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी असते, औषध, शाळेची फी, रेशन असल्या गोष्टींना ते मदत करतात आणि नावं जाहीर करत नाहीत. फादरना मिस्सानंतर घाईत गाठू नकोस, मधल्या वारी ऑफिसात वेळ घेऊन जा. सगळे फादर ऐकून घेण्यात सारखे नसतात, हे मान्य, एकाने पटकन आशीर्वाद देऊन वाटेला लावलं तर दुसऱ्याकडे जा. पप्पांसाठी आजाऱ्यांच्या संस्काराचंही, म्हणजे फादर तेल लावून प्रार्थना करतात त्याचंही, तेव्हाच विचार, तो फक्त मरायला टेकलेल्यांसाठी असतो हा आपल्याकडचा गैरसमज आहे, मोठ्या आजारात केव्हाही घेता येतो आणि परतही घेता येतो. मम्मी घाबरेल, तिला आधी समजावून सांग.

कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घ्यावी का, हेही तू विचारलं होतंस. काही न वाटणं हे पाप नाही. गंभीर पाप मनाला टोचत असेल तर आधी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला जा, नाहीतर रविवारी सरळ रांगेत उभा राहा. वहीचं काय झालं ते लिही, आणि त्या एजंटने काही कागद दिले असतील तर सही करायच्या आधी कोणा वकिलाला दाखव.